लिंबाला धरून द्यायची सुरी

हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत नवरदेवाच्या हातातली सुरी खाली ठेवायची नाही, हा आमच्याकडचा नियम. टोकाला लिंबू खोचायचं आणि धरून बसायचं. जेवताना ती डाव्या हातात जाते, झोपताना उशीखाली चालते, आणि बाकीच्या ठिकाणी जाताना तिचं काय करायचं हे कुणी सांगत नाही. माझ्या चुलत्यांच्या हातात घरातला पितळी अडकित्ता दिला होता. तो त्यांनी दीड दिवस सांभाळला आणि ऐन मंगलाष्टकांत पायाच्या अंगठ्यावर पाडला. लग्नाच्या फोटोत त्यांचा चेहरा रडवेला दिसतो, त्याचं कारण काकू नव्हे, अडकित्ता, असं ते अजून सांगतात.

माझ्या लग्नात मात्र हातात काही आहे याचा दुसऱ्या दिवशी मला विसर पडला. इतकी ती सुरी हलकी होती. ती विलासनानांनी केलेली होती.

नाना आणि मी एकाच गावचे, रहिमतपूरचे, आणि एकाच कारखान्यातले. सातारच्या एमआयडीसीत ते टूलरूमला, मी डिस्पॅचला. सकाळच्या एसटीत उजवीकडची तिसरी सीट त्यांची आणि शेजारची माझी. अंगकाठी बारीक, शर्ट कंपनीचा निळा, आणि तोच रविवारीही. सुट्टीच्या दिवशी तरी दुसरा घाला म्हटलं तर म्हणत, "ह्यो हलका पडतो."

हलकं आणि जड, या दोनच मापांनी नाना जग मोजत. हातात येईल ती वस्तू तळव्यावर घेऊन दोनदा खालीवर करायची त्यांना सवय होती. नवा मोबाईल दाखवला की तो तळव्यावर. लग्नपत्रिका तळव्यावर. माझी मुलगी बारशाला त्यांच्या हातात दिली तर तिलाही त्यांनी तसंच जोखलं आणि म्हणाले, "साडेतीन किलोला थोडी कमी." दवाखान्याच्या कार्डावर पाहिलं तर बरोबर निघालं. सत्काराचं भाषण लांबलं की माझ्या कानात म्हणत, "लय जड हाय."

दुसरी सवय कडीची. घरातून निघताना दाराची कडी लावायची, ओढून बघायची, चार पावलं जायचं आणि परत येऊन पुन्हा ओढायची. त्यापायी आमची एसटी दोनदा तरी चुकली आहे. मी चिडलो की शांतपणे सांगत, "लागलीया असं वाटतं रं. वाटून उपयोग न्हाई."

या दोन्ही सवयी ज्या एका दिवसात गुंतल्या आहेत तो दिवस म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचं, सुभाषचं लग्न.

सुभाष फौजेत. वीस दिवसांच्या सुट्टीवर आला आणि त्याच सुट्टीत स्थळ सांगून आलं. नाना त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आणि त्यांचं अजून ठरायचं होतं. घरात बैठक बसली. आई, म्हणजे आमच्या आळीच्या आक्का, म्हणाल्या, "सुभाषची सुट्टी संपंल. तू काय, हितंच हायेस. तू थांब जरा." नाना म्हणाले, "बरं." थोरल्याच्या आधी धाकट्याला हळद लागली की लोकांची थोरल्याकडे बघायची नजर बदलते, हे त्या बैठकीत कुणाला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं. पण सुट्टी संपत होती.

त्या लग्नात सुभाषच्या हातात जत्रेत घेतलेला घडीचा चाकू होता. त्याला लॉक नव्हतं. लिंबू खोचून पोरगं दिवसभर मिरवलं, आणि आक्कांच्या पाया पडायला वाकलं तेव्हा लिंबू जमिनीला टेकलं, पातं मागे वळलं आणि बोटावर मिटलं. पिवळ्या धोतरावर रक्त पडलं. मुलीकडच्या बायका कुजबुजायला लागल्या, कुणीतरी लग्न पुढं ढकला म्हणालं. नानांनी आपला रुमाल सुभाषच्या बोटाला गुंडाळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अपशकुन न्हाई, चाकूची चूक हाय ही. मी दुरुस्त करतो." लग्न लागलं. सुभाषच्या बोटाला तीन टाके पडले आणि तो चाकू नानांच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून सोमवारी टूलरूममध्ये आला.

तिथून पुढं नानांनी जे केलं त्याला छंद म्हणायला माझी जीभ धजत नाही. तुटलेल्या हॅकसॉ ब्लेडचं पातं, पाठीला एक पट्टी, पट्टीला खाच, खाली तारेची स्प्रिंग. पातं उघडलं की पट्टी टक्कन बसते आणि मागून अंगठ्यानं दाबल्याशिवाय ते मिटत नाही. पहिली सुरी पक्की होती, पण अडकित्त्याइतकीच जड. मग नानांनी तिच्या लोखंडी बाजूंना भोकं पाडली. मग लोखंड काढून ॲल्युमिनियम लावलं. मग तेही काढून नुसती नायलॉनची मूठ ठेवली. दर वेळी गावातल्या सोनाराच्या काट्यावर वजन व्हायचं. सोनार वैतागून म्हणायचा, "नाना, कधीतरी सोनं आणा की." नाना म्हणायचे, "ह्याच्यातनं अजून दोन ग्रॅम गेलं की आणतो."

गावातल्या पोरांची लग्नं ठरली की सुरी मागायला लोक नानांकडे येऊ लागले, आणि नानांनी प्रत्येकाला वेगळी करून दिली. जो ज्या कामाचा, त्या कामातलं काहीतरी मुठीत. तालमीतल्या पोराला फुटक्या मुदगलाचं लाकूड. ट्रकड्रायव्हरला जुन्या स्टिअरिंगचा तुकडा. शाळामास्तरला फूटपट्टी, तीही आकडे वर दिसतील अशी. म्हशीचं शिंग, शिसव, क्रिकेटची तुटकी बॅट, सगळ्याच्या मुठी झाल्या. पातं मात्र सगळ्यांचं एकच, बोटभर, आणि लॉक तेच. कुणी कौतुकानं 'रामपुरी' म्हटलं तर नाना त्याच्या हातातली सुरी काढून घेत आणि माफी मागितल्यावरच परत देत.

देण्याची रीतही त्यांचीच. सुरी हातातून हातात दिली तर भांडण होतं म्हणून आमच्याकडे ती खाली ठेवतात आणि समोरच्यानं उचलायची असते. आणि नवरदेवाची सुरी तर खाली ठेवायचीच नाही. या पेचातून नानांनी वाट काढली होती. लिंबाला धरून द्यायची. "आपण लिंबू दिलं, त्यानं सुरी घेतली. भांडायचं कुणी?"

अट एकच. पाचपरतावनाच्या, म्हणजे लग्नानंतरच्या पाचव्या दिवसाच्या आत सुरी परत आली पाहिजे. परत आलेल्या सुऱ्या कारखान्यातल्या, मोजमापाची गेजं ठेवायच्या जुन्या गेजपेटीत ठेवलेल्या असत. लाकडी पेटी, आत प्रत्येकीच्या आकाराचा खाचा कोरलेला. पहिल्या खाच्यात सुभाषचा तो जत्रेतला चाकू. नाना मुठी कधी घासत नसत, त्यामुळं प्रत्येक सुरीवर तिच्या तिच्या नवरदेवाची हळद तशीच होती. शिंगावर ती नुसती डागासारखी दिसते, पण पांढऱ्या नायलॉनमध्ये मुरते आणि पुन्हा निघत नाही. जो परत देणार नाही त्याच्याकडे नाना स्वतः जात. एकदा खंडाळ्यापर्यंत गेले. त्या जोडप्यानं महाबळेश्वरला सुरीनं पेरू कापले होते. नानांनी वास घेतला आणि त्या घराला पुन्हा सुरी दिली नाही. एक खाचा रिकामा आहे आणि त्यात चिठ्ठी आहे, 'विमानतळ'. तो नवरदेव हनीमूनला निघाला होता आणि सुरी खिशात राहिली होती.

निवडणुकीच्या दिवसांत आम्ही ही पेटी घेऊन साताऱ्याला निघालो होतो, स्प्रिंगांना तेल द्यायला. नाकाबंदीत पोलिसांनी एसटी थांबवून पिशव्या तपासल्या. पेटी उघडल्यावर फौजदार दोन पावलं मागं सरला. "हे काय? टोळी हाय का तुमची?"

नाना म्हणाले, "नवरदेवांच्या हायत साहेब. वास घ्या."

एका हवालदारानं खरंच एक सुरी नाकाला लावली. हळद आणि लिंबू. तो हसला, फौजदारही हसला, पेटी मिळाली. गाडी सुटताना तो हवालदार खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "नाना, माझंबी कुठं जमतंय का बघा की. पस्तिशी आली."

"सुरी देतो," नाना म्हणाले. "पोरगी कुठनं आणू?"

त्यावर आख्खी एसटी हसली. नाना हसले नाहीत. ते स्वतः तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते.

त्यांच्यासाठी स्थळं बघितली नाहीत असं नाही. पण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच, "धाकट्याचं आधी कसं झालं? थोरल्यात काय खोट हाय का?" खोट नाही हे सांगायचं कसं? पुढं पुढं लोकांना पुण्यातली नोकरी आणि पुण्यातला फ्लॅट पाहिजे झाला, आणि नानांच्या बायोडाटावर तर आईचा सांभाळ एवढंच ठळक होतं. सुभाष निवृत्त होऊन पुण्याला राहिला. आक्कांना त्यानं एकदा नेलं, चार दिवसांत त्या परत आल्या. सुनेच्या हातची गोळी त्यांना चालत नाही, नानांच्याच हातची लागते.

पेटीतल्या शेवटच्या खाच्यात एक पांढरी सुरी होती. तिच्यावर हळद नव्हती. ती नानांनी स्वतःसाठी केली होती, सगळ्यात हलकी. पुण्याहून एक संग्राहक गाडी घेऊन आला होता, कुणीतरी मोबाईलवर टाकलेला व्हिडिओ पाहून. देशोदेशीचे चाकू जमवणारा माणूस. हळदीचे डाग बघून तो वेडाच झाला. 'लिमिटेड एडिशन' म्हणाला, सगळी पेटी मागू लागला, बदल्यात स्वतःच्या संग्रहातला लाल मुठीचा परदेशी चाकू देतो म्हणाला. नानांनी तो तळव्यावर घेतला, उघडला, मागून दाबून बघितला आणि परत दिला. "लॉक न्हाई ह्याला." मग त्या माणसानं ती पांढरी सुरी उचलली. "ही कुणाची?" नाना काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून आक्कांचा आवाज आला, "ती ठेव खाली. ती माझ्या इलासची हाय." संग्राहकानं ती मुकाट खाच्यात ठेवली.

त्या सुरीची मूठ मंगलताईंनी दिलेल्या नायलॉनच्या तुकड्याची होती. मंगलताई आमच्या इन्स्पेक्शनला. नवरा अपघातात गेलेला, पदरात एक मुलगी. मापं घ्यायचा व्हर्निअर हातात घेतला की त्या साहेबालाही भीत नसत. नानांच्या सुऱ्यांची पाती जेवणाच्या सुट्टीत त्याच तपासत आणि बिनदिक्कत नापास करत. "नाना, खाच ढिली हाय. पोराचं बोट जाईल." नाना ते पातं निमूट परत नेत. कारखान्यात त्यांना एवढं ऐकून घेताना मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

पुढचं मला नानांनी एसटीत सांगितलं. मंगलताईंनी सरळच विचारलं होतं. "नाना, पोरीला बाप पायजे म्हणून न्हाई इचारत. मला माणूस पायजे. तुमी काय म्हणताय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"आईला इचारतो म्हणलं."

"आणि मंगलताई?"

"हसली. म्हणली, इचारा."

नानांनी विचारलं. आक्का ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत, जेवण सोडलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मी मेल्यावर कर काय करायचं ते." आक्का वाईट नाहीत. माझ्या आजारपणात माझ्या दारी त्यांनी महिनाभर भाकऱ्या पाठवल्या आहेत. पण त्या एका वाक्याबद्दल मला त्यांचा फार राग येई, आणि नानांचा त्याहून जास्त. सहा वर्षं मी त्यांना एसटीत तेच ऐकवलं. "बोला की नाना. फार तर काय होईल?" आणि इकडे नाना आईसाठी करत काय होते? काठीचं वजन निम्म्यावर आणलं. मोरीत धरायला कडं बसवलं. अर्धी गोळी नीट तुटावी म्हणून गोल टोकाची एक चिमुकली सुरी केली. आक्का नव्वदीला टेकल्या आणि डॉक्टर म्हणाला, तब्येत ठणठणीत आहे.

एकदा मी चिडून बोललो, "एवढं जपताय कशाला मग?"

कोरेगाव मागं पडलं. मग नाना म्हणाले, "कमी जपलं तर मी वाट बघतोय असं हुईल की रं."

त्यानंतर मी त्यांना कधी काही ऐकवलं नाही.

मंगलताई वाट बघून थकल्या. मुलीला नोकरी लागली तेव्हा त्या कारखाना सोडून सांगलीला भावाकडे गेल्या. जाताना नानांच्या टेबलावर आपला व्हर्निअर ठेवून गेल्या. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. मुलीचं लग्न ठरलं होतं, जावई मिरजेचा. "नाना, पोराला सुरी पायजे. सगळ्यात हलकी द्या."

नानांनी माझ्यासमोर पेटी उघडली. मला वाटलं फूटपट्टीची देतील, नाहीतर बॅटची. त्यांनी शेवटच्या खाच्यातली पांढरी काढली.

"नाना, ही?"

"हलकी मागितलीया न्हवं."

हळदीच्या दिवशी ते मिरजेला जाऊन ती देऊन आले, आणि लग्नाला मला बरोबर घेऊन गेले. आक्कांजवळ शेजारच्या काकूंना बसवलं होतं. मुहूर्त दुपारचा. सांगलीच्या कार्यालयात नवरदेवाच्या खोलीत आम्ही जरा भेटायला म्हणून गेलो, आणि तिथं घोळ झालेला. शेरवानीची बाही अरुंद, लिंबू खोचलेली सुरी तिच्यातून जाईना. खाली तर ठेवायची नाही. करवले सगळे गाडी सजवायला पळालेले. नवरदेवानं नानांना बघितलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "नाना, तुमीच धरा जरा."

नानांनी सुरी धरली.

तो पोरगा आणि त्याचा मामा शेरवानीशी झटापट करत होते. बटणं उलटी लागली, पुन्हा काढली. नाना भिंतीशी ताठ उभे होते. निळा शर्ट होताच. उजव्या मुठीत पांढरी सुरी, छातीसमोर, लिंबू वर, जशी नवरदेवानं धरायची असते अगदी तशी. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं ती धरता येत नाही, तरी मला त्यांच्याकडे बघवेना.

दारात मंगलताई आल्या. हातात अक्षतांचं ताट. जावयाला बघायला आल्या होत्या, आणि समोर नाना. त्या थांबल्या. हिरवं लुगडं नेसलेल्या, केस बरेच पिकलेले. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत.

"घट धरा, नाना," त्या म्हणाल्या. "अक्षता पडस्तवर सोडायची नसती."

"ठाव हाय," नाना म्हणाले.

मग मामानं शेवटचं बटण लावलं आणि नवरदेवानं हात पुढं केला. "द्या, नाना." नानांनी लगेच दिली नाही. अंगठ्यानं मागची पट्टी चाचपली, लॉक नीट बसलंय का बघितलं. मग डाव्या हातानं लिंबू धरलं आणि लिंबाला धरून सुरी पुढं केली. पोरानं ती घेतली. नानांचा उजवा तळवा पिवळा झाला होता.

अक्षता पडल्यावर आम्ही जेवायला थांबलो नाही. संध्याकाळची गोळी होती. एसटीत नानांनी तो हात गुडघ्यावर उताणा ठेवला होता. मी विचारलं, "पाचव्या दिवशी सुरी आणायला मी जाऊ?"

"नको," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे तिकडंच."

दिवेलागणीला आम्ही रहिमतपूरला पोचलो. मी पिशवी द्यायला म्हणून त्यांच्या घरात गेलो. शेजारच्या काकू उठून गेल्या, नानांनी सवयीनं दार लावून घेतलं. आक्का पलंगावर बसून होत्या. त्यांची नजर अजून तीक्ष्ण आहे.

"हाताला काय रं ते?"

"हळद."

"कुणाची?"

"मंगलच्या जावयाची."

आक्कांनी तो हात आपल्या हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि खूप वेळ बघत राहिल्या. आता त्या काहीतरी म्हणतील, इतक्या वर्षांनी म्हणतील, असं मला वाटलं.

"धू जा," त्या म्हणाल्या. "मग गोळी दे."

नानांनी मोरीत साबण लावून हात धुतला. तीनदा धुतला. तळव्यावरच्या रेषांत पिवळं तसंच राहिलं. मग चिमुकल्या सुरीनं त्यांनी गोळी तोडली आणि अर्धी त्याच तळव्यावर ठेवून आईपुढं धरली. आक्कांनी ती उचलली, पाण्याबरोबर गिळली आणि उशीला टेकल्या.

"कडी लागलीया का बघ रं इलास."

मी अजून आत होतो, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. नाना उठून दाराशी गेले. कडी लागलेलीच होती. त्यांनी ती पिवळ्या हातानं ओढून बघितली, आणि परत एकदा ओढून बघितली.